कडा नको, तुटणं रंगवा: सह्याद्रीतून अमूर्त चित्राकडे जाणाऱ्या नवख्यांसाठी

सहा वर्षं मी सिंहगड काढत होतो. जलरंगात, पहाटेचा, ढगांतला, पावसाने धुतलेला. चित्रं नीटनेटकी व्हायची, घरच्यांना आवडायची, दोन-तीन लग्नांत आहेर म्हणूनही गेली. मग एका ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकड्यापाशी पालथं पडून सरकत सरकत पुढे गेलो आणि खाली पाहिलं. कडा सरळ खाली उतरत नव्हता, माझ्या पोटाखालून आत वळत गेला होता. खालून वारा वर येत होता. पोटात खड्डा पडला.

घरी येऊन तो कडा काढला. बरोबर आला, अगदी ओळखू येण्यासारखा. खड्डा मात्र कागदावर कुठेच नव्हता.

तो खड्डा कागदावर आणायचा तर कड्याचा आकार सोडावा लागतो, हे कळायला मला आणखी चार वर्षं लागली. पुण्यात दर रविवारी गडावर जाणारे पुष्कळ आहेत, चित्रं काढणारेही पुष्कळ. त्यांतले काही आता विचारतात की डोंगरावरून अमूर्त चित्र कसं करायचं, सुरुवात कुठून करायची. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. कलाशाळेची पदवी लागत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायची तयारी मात्र हवी.

१. नाम सोडा, क्रियापद धरा

सामान घ्यायच्या आधी ही एक गोष्ट डोक्यात बसू द्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

अमूर्त चित्राच्या दोन वाटा आहेत. एका वाटेवर चित्रकार बाहेरच्या कुठल्याच वस्तूपासून सुरुवात करत नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) या वाटेचे. आपल्या चित्रांना कोणी अमूर्त म्हटलेलंही त्यांना पटत नसे, कारण अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं असं गृहीत धरलं जातं. ते स्वतःचं काम वस्तुनिरपेक्ष मानत. दुसरी वाट आपली: आधी डोंगर आहे, आपण तिथे चालून आलो आहोत, आणि त्यातलं काहीतरी उचलून बाकीचं सोडून द्यायचं आहे.

काय उचलायचं, इथे सगळे अडतात. मीही अडलो. आधी मला वाटायचं की आकार धूसर केला, कडा पुसट केल्या की झालं अमूर्त. तसं केलं तर धुक्यातला सिंहगड मिळतो, दुसरं काही नाही.

मला वाट सापडली ती ट्रेकमधल्या बोलण्यातून. आपण डोंगरात काय बोलतो ते आठवा. इथे घसारा आहे, जपून. नाळेतून वर चढायचं. कपारीत बसू जरा. खिंडीत वारा फार आहे. यातला प्रत्येक शब्द नुसतं दृश्य सांगत नाही, तिथे काय घडतं ते सांगतो. घसाऱ्यावर पाय सुटतो. नाळ आपल्याला दोन्ही बाजूंनी आवळते. कपार पोटात घेते. म्हणून चित्रात कडा आणायचा नाही, कड्याचं तुटणं आणायचं. धबधबा आणायचा नाही, पाण्याचं स्वतःला झोकून देणं आणायचं. कुठल्याही जागेपुढे उभे राहा आणि विचारा, ही जागा काय करते आहे? उत्तर क्रियापदात यायला हवं. ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘शांत’ असं उत्तर आलं तर अजून थांबा.

२. पहिली जागा घराजवळची निवडा

नवख्यांची पहिली चूक म्हणजे थेट मोठ्या ट्रेकला रंगपेटी घेऊन जाणं. चढून दमलेला माणूस पाहत नाही, फोटो काढतो. पहिले तीन महिने पुण्यातली वेताळ टेकडी पुरे. वरच्या जुन्या दगडखाणीपाशी जा. खाणीत कापलेला काळा दगड उभा दिसतो, तळाला पाणी असतं, आणि हे सगळं घरापासून अर्ध्या तासावर.

त्याच जागी वर्षातून निदान तीनदा जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, दगड राखाडी आणि कोरडा, डोळ्यांवर उजेड आपटतो. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तोच दगड काळाभोर होतो. ओला बसॉल्ट (सह्याद्रीचा हाच काळा दगड) आणि कोरडा बसॉल्ट हे चित्रकारासाठी दोन वेगळे दगड आहेत. आणि सप्टेंबरात पठारांवर सोनकी फुलते तेव्हा काळ्यावर पिवळ्याचा असा पट्टा येतो की एवढ्यावरच वर्षभर काम करता येईल.

टेकडी अंगात मुरली की मग लांब जा. मला उपयोगी पडलेल्या जागा आणि तिथे मला सापडलेली क्रियापदं देतो. तुम्हाला वेगळी सापडतील, सापडायलाच हवीत.

- निघोजचे रांजणखळगे. कुकडी नदीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळात रांजणासारखे खड्डे कोरले आहेत. क्रियापद: घोटणं. पाणी कमी असताना जा.
- जुन्नरजवळचा नाणेघाट, पावसाळ्यात. जोराचा वारा असेल तर कड्यावरून पडणारं पाणी उलट वर उडतं. क्रियापद: परतवणं.
- राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं. कातळाला आरपार भोक. क्रियापद: भेदणं. इथे मी फसलो होतो, ते पुढे सांगतो.
- हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. क्रियापद: आत ओढणं.

आता काळजीच्या गोष्टी. पावसाळ्यात कड्यांच्या काठावरचं गवत आणि माती सैल असते, चित्र काढायला बसाल तिथून काठ चांगला दूर ठेवा. बसल्यावर माणूस वेळ आणि जागा दोन्ही विसरतो, म्हणून एकटे जाऊ नका. कातळकड्यांना आग्यामोहोळं असतात. धूर आणि उग्र वास यांनी ती उठतात, त्यामुळे टर्पेंटाइन, स्प्रे, अत्तर काहीही गडावर नको. आणि रंगाचा ब्रश गडावरच्या टाक्यात बुडवू नका. ते पाणी लोक पितात. स्वतःची बाटली न्या, रंगाचं पाणी त्याच बाटलीत भरून घरी आणा.

दगडही आणू नका. संरक्षित किल्ल्यावरून किंवा अभयारण्यातून काहीही उचलून नेणं कायद्याने चालत नाही, आणि हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो. दगडाचा रंग घरी हवा असेल तर जागेवरच रंग मिसळून कागदावर त्याचा तुकडा करून आणा. कसा, ते पाचव्या पायरीत येईल.

३. हा दगड कसा झाला ते एकदा समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण वगळतात. माझं काम मात्र हिच्यामुळे बदललं.

सह्याद्रीचे कडे लाव्हाच्या थरांचे आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते म्हणूनच. या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा वरचा भाग ऊनपावसाने झिजून माती व्हायचा आणि त्यावर नवा लाव्हा येऊन बसायचा. ती माती आज विटकरी लाल पट्ट्यासारखी दिसते. भूगर्भशास्त्रात तिला लाल बोल म्हणतात. घाटरस्त्यांसाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दोन थरांमध्ये ती ठळक दिसते. गाडीतून जाताना मी हा पट्टा शेकडो वेळा पाहिला होता. तो म्हणजे दोन आगींमधला शांततेचा काळ आहे हे कळलं, त्या दिवसापासून माझ्या चित्रांत लाल रंग शोभेसाठी यायचा बंद झाला.

आणखी एक. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं झाली, आणि पुढे काही भोकांत स्फटिक तयार झाले. वाघोलीच्या खाणींत मिळालेला कॅव्हन्साइट जगभरच्या खनिजप्रेमींना माहीत आहे, असा लखलखीत निळा की काळ्या दगडात तो खरा वाटत नाही. काळ्या-करड्या चित्रात निळ्याचा एक ठिपका ठेवायचा मोह झाला तर मनात शंका नको, आपल्या मातीत त्याला आधार आहे.

डेन्मार्कचे चित्रकार पेर किर्केबी (१९३८–२०१८) भूगर्भशास्त्र शिकलेले होते, ग्रीनलंडच्या मोहिमांवर गेले होते. त्यांचे कॅनव्हास पाहिले की रंग साचतो, दबतो, खचतो, जमिनीसारखा वागतो. त्यांचा बर्फाचा आणि शेवाळाचा रंग आपण घ्यायचा नाही, आपला दगड वेगळा आहे. रंगाचे थर हे काळाचे थर असू शकतात, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

४. सामान

गडावर नेण्यासाठी:

- हातात मावेल अशी वही, जाड कागदाची, आणि मऊ पेन्सिली (४बी, ६बी) किंवा कोळसा
- घासून ठसा घ्यायला पातळ कागद आणि मेणखडू
- जलरंगाची छोटी पेटी, एकच ब्रश, स्वतःचं पाणी, फडकं
- ओळखपत्र. वनखात्याच्या नाक्यावर विचारतात.

घरी कामासाठी:

- ॲक्रिलिक रंग: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. काळा सुरुवातीला घेऊ नका.
- ३०० ग्रॅमचा कागद किंवा १०×१२ इंचांचे कॅनव्हास बोर्ड, निदान दहा
- जेसो, म्हणजे रंग धरावा म्हणून कॅनव्हासवर आधी द्यायचं पांढरं अस्तर
- भिंतीला लांबी भरायची पत्र्याची पट्टी, दोन मापांत
- काच पुसायचा रबर, जुनी सुती फडकी, पाण्याचा फवारा
- पॉलिश पेपर, एक जाड आणि एक बारीक
- बारीक पांढरी रांगोळी

रंग आणि कागद अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात. पट्टी, रबर आणि पॉलिश पेपर मात्र हार्डवेअरच्या दुकानातूनच घ्या. चित्रकलेच्या दुकानातली रंग ओढायची नाजूक नाइफ छान असते, पण कातळाला ती पुरत नाही. गायतोंडेही रोलर आणि नाइफनेच काम करायचे. ब्रश हाताची सवय घेऊन येतो, आणि ती सवय लगेच झाडं-डोंगर काढू लागते. पट्टीला ते जमत नाही म्हणून ती बरी.

रांगोळी कशाला, असं दुकानदारानेही मला विचारलं होतं. ती दगडाचीच पूड असते. जेसोत थोडी कालवली की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पट्टी त्यावर अडखळते. ते अडखळणं हवं असतं. प्रमाण बेताचं ठेवा. फार घातली तर वाळल्यावर थर भुगा होऊन झडतो. मोठ्या चित्रासाठी मांजरपाट आणून फ्रेमवाल्याकडून चौकटीवर ताणून घेता येतो, जेसोचे दोन-तीन हात दिले की चांगला चालतो.

एक सापळा: रंग जाड करायला लाकडाचा पांढरा गोंद वापरू नका. स्वस्त पडतो, सगळे सुचवतात, पण तो चित्रासाठी बनवलेला नाही आणि काळाबरोबर पिवळा पडतो. दुसरा: तैलरंगावर ॲक्रिलिक चढवू नका, ते धरत नाही. आणि पुढे कधी तैलरंगाकडे वळलात तर जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघडी पसरून वाळवून मग टाका.

५. जागेवर चित्र करू नका, टिपणं करा

पहिल्या भेटीत पेटी उघडूच नका. अर्धा तास बसा. वहीत फक्त क्रियापदं लिहा. वीस होईपर्यंत उठू नका. पहिली सहा-सात सगळ्यांना सुचतात तीच असतात: वाहणं, पडणं, उभं राहणं. पंधराव्यानंतर गंमत सुरू होते. खाणीपाशी माझ्या यादीत अठरावं होतं ‘उसवणं’. त्यावर पुढे पाच चित्रं झाली.

मग कागदाकडे न पाहता रेखाटन. डोळे कड्यावर, हात कागदावर, दोन मिनिटं. रेषा वेडीवाकडी येईल. तिच्यात चढ कुठे थकवतो आणि भेग कुठे झटका देते ते उतरतं, कारण हात डोळ्यामागून फरफटत जातो. अशी दहा रेखाटनं करा.

नंतर पातळ कागद दगडावर ठेवून मेणखडूने घासा. कोरीव काम, शिलालेख, मूर्ती यांच्यावर हे कधीही करू नका. साधा पडीक दगड बघा.

शेवटी रंगाचे तुकडे. इंचभर चौकोनात ओल्या दगडाचा रंग, सावलीतल्या दगडाचा, शेवाळाचा. इथे काळी नळी नसल्याचा फायदा कळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळले की सह्याद्रीचा काळा मिळतो: निळा जास्त घातला तर भिजलेला कातळ, तपकिरी जास्त तर उन्हातला. नळीतला काळा मेलेला दिसतो कारण त्याच्या पोटात काहीच नसतं. शेवाळासाठी तयार हिरवा नको. हाच काळा आणि यलो ऑकर मिसळून बघा, पावसाळ्यातला तो मळकट हिरवा नेमका येतो.

फोटो काढायचे तर निघताना, सगळं झाल्यावर. आणि घरी चित्र करताना ते उघडू नका. माझी फसलेली नेढ्याची चित्रं सगळी फोटोवरून केलेली होती. फोटोत नेढं म्हणजे एक गोल भोक, मागे आभाळ. तिथे बसल्यावर जे जाणवतं ते वेगळंच असतं: आतून सतत वाहणारा वारा, आणि एवढ्या जाड कातळाची पाठीला लागणारी थंडी. सहा चित्रांत मी भोक काढत राहिलो. सातव्यात भोक काढलंच नाही, अख्खा कॅनव्हास जाड, थंड राखाडी केला आणि मधून एकच ओला हात फिरवून रंग उडवला. ते जमलं.

ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलचे पीटर लॅनियन (१९१८–१९६४) किनाऱ्यावरचे कडे रंगवायचे. एका जागी उभं राहून दिसतं तेवढं त्यांना पुरत नव्हतं. खालून, वरून, चालताना दिसलेलं सगळं एकाच चित्रात आणायचं म्हणून १९५९ मध्ये ते ग्लायडर उडवायला शिकले. आपल्याला ग्लायडर नको, पाय आहेत. गड पायथ्यापासून पाहा, अर्ध्या चढावर नाक दगडाला लावून पाहा, वरून पाहा. तिन्ही टिपणं एकाच पानावर, एकावर एक करा.

६. घरी: घालणं, ओढणं, काढणं

प्रवासानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग वही उघडा आणि एकच क्रियापद निवडा. एकच. दोन घेतलीत तर चित्रात भांडण होतं आणि ते मिटवायला तुम्ही डोंगर काढायला लागता.

माझी पद्धत तीन टप्प्यांची आहे. पहिला थर: पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करायचं नाही. अख्खा पृष्ठभाग एका रंगाने झाका, मी बहुतेकदा लाल बोलचा विटकरी घेतो (बर्न्ट सिएना, किंचित पांढरा). पूर्ण वाळू द्या. दुसरा थर: त्यावर काळा-करडा, जाड, पट्टीने किंवा रबराने ओढत. इथे हाताने क्रियापदच करायचं. ‘आवळणं’ असेल तर दोन्ही कडांकडून आत दाबत या. ‘झोकून देणं’ असेल तर उभे राहा, कॅनव्हास जमिनीवर ठेवा आणि एका दमात ओढा. मनगटाने ओढलेला रंग आणि खांद्याने ओढलेला रंग पाहणाऱ्याला वेगळा कळतो. तिसरा टप्पा काढण्याचा: ओला रंग फडक्याने पुसा, पाणी फवारून वाहू द्या, वाळलेला पॉलिश पेपरने घासा, काटकीने ओरखडा. खालचा लाल जिथे उघडा पडेल तिथे पडू द्या. डोंगरही असाच झाला आहे, आधी साचून आणि मग झिजून.

एक चित्र सांगतो, म्हणजे कल्पना येईल. तोरण्याच्या उतरणीवर मे महिन्यात मुरमावरून माझा पाय सटकला. फार नाही, दोन-अडीच फूट घसरलो आणि बसलो. क्रियापद मिळालं: सटकणं. घरी पहिल्या प्रयत्नात मी वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरपा पट्टा ओढला. चित्र निर्जीव. आठवडाभर समोर ठेवल्यावर कळलं की मी पुन्हा नामच काढलं होतं, उतार. घसरण्याआधी मला तर जमीन पक्की वाटत होती, सगळं त्या पक्केपणातच होतं. मग दुसऱ्या बोर्डवर सरळ आडवे, शांत, भक्कम पट्टे दिले. वरचा थर अर्धवट सुकला, वर साय धरली पण आत ओला, अशा वेळी पट्टी टेकवून एकदाच बाजूला ढकललं. साय फाटली, सुरकुतली, खालचा लाल दिसला. ते चित्र पाहून एका ट्रेकर मित्राने काही न विचारता टेबलाची कड धरली.

ही साय कधी धरते ते ऋतूवर आहे. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी ॲक्रिलिक पाच-दहा मिनिटांत सुकू लागतं, जाड थर ओढायला वेळच मिळत नाही. सकाळी लवकर काम करा, पंखा बंद ठेवा, फवारा हाताशी ठेवा. जुलैत उलट, तासतास ओलं राहतं, आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या मागे बुरशी येते. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडदही होतं, त्यामुळे ओला असताना बरोबर वाटलेला करडा दुसऱ्या दिवशी काळा दिसेल. एक छटा उजळ मिसळायची सवय लावा.

या टप्प्यावरचे मोह: जाड लेप थापून हुबेहूब दगडासारखा पोत बनवणं (मग ती दगडाची नक्कल झाली, आणि दगड तुमच्यापेक्षा चांगला दगड आहे), सात-आठ रंग, सोनेरी रंगाचा फराटा, आणि चित्र अडलं की वरच्या तृतीयांशात एक आडवी रेषा ओढून क्षितिज तयार करणं. ही शेवटची सवय फार चिवट आहे. रेषा आली की वरचं आभाळ आणि खालचं जमीन होऊन जातं. वर्षभर आडवी अखंड रेषा वर्ज्य करून बघा.

७. कधी थांबायचं

चित्र उलटं टांगा. आडवं टांगा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहा, सगळं एकाच करड्यात मिसळलं असेल तर उजेड-अंधार कमी पडतो आहे. आरशात पाहा. मग तीन दिवस जेवायच्या खोलीत ठेवा आणि येता-जाता नजर पडू द्या. डोळा एकाच ठिकाणी जाऊन अडकत असेल तर ती जागा बहुधा तुमची सगळ्यात लाडकी असते, आणि तीच पुसावी लागते. मला हे अजूनही जड जातं.

दहा लहान बोर्ड झाल्याशिवाय मोठ्याला हात घालू नका. दहांतले दोन बरे आले तरी चांगलं चाललं आहे.

मधूनमधून मूळ चित्रं पाहायला जा. पडद्यावर रंगाची जाडी कळत नाही. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडवरचं राजा रवि वर्मा कलादालन इथे काही ना काही लागलेलं असतं. वर्षातून एकदा सकाळी डेक्कन क्वीनने मुंबईला जा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी जवळजवळ आहेत, संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परत येता येतं. खिडकी मिळाली तर बोरघाटात वही उघडी ठेवा.

८. दाखवायची वेळ आली तर

पहिलं प्रदर्शन एकट्याचं करू नका, तिघा-चौघांनी मिळून करा. दालनाचं भाडं वाटलं जातं आणि दिवसभर बसायलाही कोणी ना कोणी असतं. दालनांच्या तारखा बऱ्याच आधी भरतात, म्हणून आधी स्वतः जाऊन नियम आणि उपलब्ध दिवस विचारा. राज्याचं कला संचालनालय महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरवतं, त्याच्या प्रवेशिकांकडेही लक्ष ठेवा.

तयार ठेवायचे कागद:

- ओळखपत्राची प्रत आणि एक पानी परिचय
- चित्रांचे उजेडात, सरळ समोरून काढलेले फोटो, चौकटीशिवाय
- यादी: शीर्षक, माप, माध्यम, वर्ष, किंमत
- चित्रांविषयी दहा-बारा ओळी. साध्या मराठीत, कुठे गेलात आणि काय घडलं एवढंच.

शीर्षकात गडाचं नाव देऊ नका असं मला वाटतं. ‘राजगड’ लिहिलंत की पाहणारा चित्रात बालेकिल्ला शोधतो, आणि न सापडल्यावर निराश होतो. क्रियापदच शीर्षक म्हणून द्या. जागेचं नाव, महिना आणि हवा मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा, ते तुमच्यासाठी.

नेताना एक गोष्ट सांभाळा. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं. बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळून रिक्षात तासभर ठेवलंत तर प्रत्येक बुडबुड्याचा गोल ठसा चित्रावर उमटतो आणि तो जात नाही. माझं एक चित्र असं गेलं आहे. आधी बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, मग प्लास्टिक, आणि दोन चित्रं कधीही रंगाची बाजू रंगाला लावून ठेवायची नाहीत.